कोनफळाचं ब्लँकेट

नाइते आत्या गाडीतून उतरली ती घरात न शिरता थेट मागच्या अंगणात गेली. बापाला भेटायच्या आधी तिला बापाचं कोनफळ बघायचं होतं.

अंगणात, वाळून गेलेल्या टोमॅटोंच्या पलीकडे, गुडघाभर उंचीचा मातीचा ढीग होता आणि ढिगावर चार पांघरुणं होती. सगळ्यात वर तिच्या भावाच्या, फेलेतीच्या रग्बी क्लबचा टॉवेल, त्याखाली भावजय विकाच्या माहेरची गोधडी, त्याखाली उसवलेली स्लीपिंग बॅग, आणि तळाला, प्लास्टिकमध्ये नीट गुंडाळलेलं, पेसीचं इलेक्ट्रिक ब्लँकेट. त्याची वायर एका नारिंगी एक्स्टेंशनला जोडली होती आणि ते एक्स्टेंशन गवतातून, पायऱ्यांवरून, न्हाणीघराच्या खिडकीतून घरात शिरलं होतं. ढिगात रोवलेल्या काठीवर एक वाळका वेल लोंबत होता, लग्नाला दोन तास आधी येऊन बसलेल्या पाहुण्यासारखा.

"चालू आहे हे?" आत्यानं विचारलं.

"दोनवर आहे," पेसी म्हणाली. पेसी फेलेतीची मुलगी, एकोणीस वर्षांची. घरातल्या सगळ्या विजेच्या वस्तूंची माहिती तिच्याकडे असे. "तीनवर ठेवलं की आजोबांना वाटतं कोनफळ शिजेल."

"आणि तू काय पांघरतेस?"

"मी मोजे घालते."

आत्यानं वाकून मातीला हात लावला. माती कोमट होती. तेवढ्यात समुद्राकडून वारं आलं आणि तिच्या कोटाची सगळी बटणं लावलेली असूनही ते आत शिरलं. दक्षिणेकडच्या ओमारू गावच्या वाऱ्याला बटणं कळत नाहीत.

"शहाणपणाचा लवलेश नाही या घरात," ती म्हणाली. "म्हातारा थंडीत, आणि कंद उबेत."

गेल्या ऑगस्टात, म्हणजे इथल्या ऐन हिवाळ्यात, म्हाताऱ्या सिओसायाला न्यूमोनिया झाला होता. बारा दिवस दवाखान्यात. आत्या ऑकलंडहून धावत आली होती आणि बाराही दिवस पलंगाशेजारच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली होती. तेराव्या दिवशी तिनं जाहीर केलं, बाबा आता माझ्याकडे. ऑकलंडला पांढरं पडत नाही. पांढरं म्हणजे सकाळी गवतावर गोठून बसलेलं दव. घरात त्याला दुसरं नाव नव्हतं, कारण ज्या बेटावरून आम्ही सगळे आलो तिथे त्याला नाव द्यायची वेळच कुणावर आली नव्हती.

त्यावर म्हातारा चर्चच्या जेवणात, सगळ्यांसमोर, हातात कोंबडीची तंगडी धरून उभा राहिला होता. "मी वसंतात एक कोनफळ लावतो," तो म्हणाला होता. "इथल्या मातीनं त्याला धरलं, तर मलाही धरलं. नाही धरलं, तर लेकीबरोबर जातो. मे महिन्यात, मुलांच्या रविवारच्या सणाच्या आदल्या दिवशी, सगळ्यांसमोर उकरायचं." असं उभं राहून बोललेलं वाक्य आमच्यात परत घेता येत नाही. तंगडी खाली ठेवून बोलला असता, तर कदाचित घेता आलं असतं.

आणि आता मे महिना लागला होता. शुक्रवार होता. उद्या उकरायचं होतं.

*

आमच्यात भावाच्या घरात बहिणीचा शब्द शेवटचा. भावाच्या मुलांची लग्नं, बारशी, मयती, सगळीकडे मानाची चटई आत्याची, पहिलं ताट आत्याचं, आणि तिला आवडलेली वस्तू आत्याची. मागच्या खेपेला तिला भाताचा कुकर आवडला होता. तेव्हापासून विका भात पातेल्यात लावत असे.

त्यातून भावानं बहिणीच्या तोंडाला तोंड द्यायचं नाही. एका खोलीत बसून वाद घालायचा तर प्रश्नच नाही. त्यामुळे त्या दुपारी नाइते आत्या दिवाणखान्यात बसली होती, फेलेती स्वयंपाकघरात उभा होता, मधलं दार सताड उघडं होतं आणि उंबऱ्यावर पेसी होती.

"पेसी, आत्याला सांग," फेलेती म्हणाला, "डॉक्टर म्हणालेत, बाबांची छाती आता साफ आहे."

"आत्या, बाबा म्हणतायत..."

"ऐकलं मी. त्याला सांग, छाती गेल्या जुलैतपण साफच होती."

"बाबा, आत्या..."

"ऐकलं. तिला सांग, आता खोलीत हीटर लावलाय."

"त्याला विचार, हीटर खोलीत आहे की कोनफळाला तोही दिलाय?"

पेसीनं दोघांकडे आळीपाळीनं बघितलं. "तुम्हाला सगळं ऐकू येतंय. मी जाऊ?"

"थांब तिथेच!" दोघं एकदम म्हणाले. दोन वर्षांत त्या भावाबहिणीचं एकमत झालेलं तेवढंच.

फेलेती मटणाच्या कारखान्यात शीतगृहात कामाला होता. आठ तास उणे अठरा अंशांत काढून तो बाहेर येई तेव्हा ओमारूचा हिवाळा त्याला बेटाकडच्या हापाईच्या किनाऱ्यासारखा उबदार लागे. थंडीचा विषय निघाला की त्याचं मत म्हणूनच कुणी धरत नसे. पण बापाला इथून न्यायचं म्हटलं की त्याला जे वाटायचं ते पेसीमार्फत पाठवता येईल असं नव्हतं.

"विका," आत्यानं हाक मारली. "तू बोल. ऑगस्टात तूच म्हणाली होतीस ना मला, वन्सं, घेऊन जा त्यांना?"

विका बटाटे सोलत होती. ती खरंच म्हणाली होती. दवाखान्याच्या पायऱ्यांवर, रडून डोळे सुजलेले असताना.

"म्हणाले होते, वन्सं."

"मग?"

मग काय, ते विकाला धड सांगता येईना. ती बेकरीत कामाला होती, पहाटे निघायची. थंडी संपल्यापासून ती निघायच्या आधी म्हातारा बाहेर जाऊन आलेला असे. स्वयंपाकघराच्या काचेवर बाहेरून टकटक करी आणि बोटं दाखवी. एक बोट म्हणजे एक स्वेटर. दोन बोटं म्हणजे दोन. मूठ दाखवली की छत्री. फेब्रुवारीपासून तो एकदाही चुकला नव्हता. रेडिओवरचा माणूस आठवड्यातून तीनदा चुकत होता आणि त्याला त्याचा पगार मिळत होता.

"मग काही नाही," विका म्हणाली. "त्यांना इथलं कळायला लागलंय, वन्सं."

"काय कळायला लागलंय? आल्याआल्या त्यांनी मागच्या प्लमच्या झाडाची पानं गळाली म्हणून चर्चमध्ये त्याच्यासाठी शोकाची प्रार्थना केली होती!"

"हो, आणि सप्टेंबरात ते फुललं. पाद्रीबाबांनी त्यावर दोन रविवार प्रवचन दिलं."

आत्या काही बोलणार तोच पुढचं दार उघडलं. चर्चमध्ये मुलांच्या रविवारच्या सणाची तालीम आटोपून म्हातारा आला होता. तीन स्वेटर, त्यावर कमरेला रीतीप्रमाणे गुंडाळलेली चटई, डोक्यावर विणलेली टोपी, टोपीवर कुठल्याशा ट्रॅक्टर कंपनीचं नाव. आत्यानं उठून बापाच्या गालाला गाल लावला. गाल गार होता. तिनं तो पुरावा म्हणून मनात ठेवला.

"बाबा, तुमची खोली तयार आहे," ती म्हणाली. "खिडकी मोठी आहे. दिवसभर ऊन."

"दिवसभर?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"दिवसभर."

"रोज?"

"रोज."

"हं," म्हातारा म्हणाला, आणि टोपी काढून बराच वेळ तिच्यातला नसलेला कचरा झटकत राहिला.

त्या संध्याकाळी घरातली माणसं एकेकटी मागच्या अंगणात जाऊन आली. फेलेती कचरा टाकायला गेला. विका वाळत घातलेले कपडे काढायला गेली. कपडे तिनं दुपारीच काढले होते, पण हे विचारायला कुणी मोकळं नव्हतं. कचऱ्याची गाडी तर बुधवारी येते.

*

शनिवारी सकाळी त्या वर्षातलं पहिलं पांढरं पडलं. गवत पायाखाली पापडासारखं मोडत होतं. दोरीवर राहिलेली फेलेतीची एक पँट गोठून आपल्या आपण उभी होती.

तानिएला काका स्वतःची घडीची खुर्ची घेऊन आले. चाळीस वर्षं ते बेटावरच्या शेतीप्रदर्शनात कोनफळांचे पंच होते. राजासमोरच्या कोनफळांनाही त्यांनी नापास केलं होतं, असं ते सांगत. आज ते साक्षीदार होते. त्यांनी खुर्ची मांडली, काठी गुडघ्यांवर आडवी ठेवली आणि म्हणाले, "करा सुरू. माझे पाय गारठून गेले तर निकालाला उशीर होईल."

फेलेती कुंपणाशी उभा राहिला, बहिणीपासून रीतसर अंतरावर, उद्याच्या मेजवानीच्या भट्टीचे दगड उगाच इकडचे तिकडे करत. पेसीनं पांघरुणं एकेक करून काढली. राजघराण्यातल्या माणसाला झोपेतून उठवावं तशी ती हळूच काढत होती. शेवटी ब्लँकेट निघालं. ढिगातून वाफ आली.

"सावकाश," म्हातारा म्हणाला. तो उंबऱ्याशी उभा होता. एरवी असल्या कामात तो कुणाला हात लावू देत नसे. आज तो पुढे येईना. "हातानं उकर. फावडं नको."

पेसीनं वीतभर माती बाजूला केली आणि थांबली.

"काय आहे?" आत्यानं विचारलं.

"आहे काहीतरी. पांढरं आहे."

तिनं ते बाहेर काढलं. पांढराशुभ्र, गुळगुळीत, हातभर लांबीचा कंद. दोन्ही टोकं सुरीनं कापल्यासारखी सरळ. कोमट मातीतही तो अजून गार होता.

तानिएला काकांनी तो हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला. "याची साल कुठे गेली?"

"थंडीनं गळाली असेल," विका म्हणाली.

"प्लमच्या पानांसारखी?"

"तशीच."

"आणि कोनफळाचा कसावा कसा झाला?"

विकानं आकाशाकडे पाहिलं. आकाशाकडून काही मदत आली नाही. "पुढे उकर गं पेसी," ती म्हणाली.

पुढे आणखी वीतभर खाली दुसरा कंद निघाला. हा खराखुरा कोनफळाचा होता. गोल, तपकिरी, सालीसकट. तानिएला काकांचा चेहरा उजळला. त्यांनी अंगठ्यानं माती पुसली. खाली एक छोटं निळं स्टिकर निघालं. स्टिकरवर फिजीचा झेंडा होता.

"लांबून आलाय बिचारा," काका म्हणाले.

कुंपणाशी दगडांचा आवाज थांबला.

"पेसी," फेलेती म्हणाला, "आत्याला सांग, ते स्टिकर माझं. म्हणजे कंद माझा. डनेडिनच्या दुकानातून आणला."

"कसावा माझा," विका म्हणाली. "फ्रीझरमध्ये तेवढाच होता. वन्सं, रागवा मला. पण ऑगस्टात मी घाबरले होते. आता नाही घाबरत. त्यांना नेऊ नका."

आत्यानं दोघांकडे बघितलं. तिला आतून हसू येत होतं, आणि त्यामुळे ती आणखीच कडक झाली. "म्हणजे मातीनं धरलं नाही," ती म्हणाली. "बाबा, तुमचंच वाक्य आहे. बॅग भरा."

"आणखी एक आहे," पेसी म्हणाली.

ती कोपरापर्यंत आत होती. तिनं दोन्ही हातांनी जे वर काढलं ते बघून तानिएला काका खुर्चीवरून उठले, पाय बधिर असूनसुद्धा. काहोकाहो. लांब, भरीव, राजाला देतात त्या जातीचं कोनफळ. मधे कोपरासारखं वाकलेलं. आणि एका टोकाला पांढरी बारीक मुळं, बाळाच्या जावळासारखी, कोमट मातीच्या कणांना धरून बसलेली.

फेलेतीनं विकाकडे बघितलं. विकानं फेलेतीकडे. दोघांनी एकाच वेळी मान हलवली. माझं नाही.

म्हातारा प्लमच्या झाडाकडे बघत होता. त्यावर आता सातच पानं होती.

*

नाइते आत्यानं तो कंद हातात घेतला आणि तिला तो ओळखू आला. तो कोपरासारखा वाक. वाकाच्या आतल्या बाजूला नखाची चंद्रकोर. ते नख तिचंच होतं. मार्चमध्ये, ऑकलंडच्या शनिवारच्या बाजारात, कंद ताजा आहे का बघायला तिनंच ते खुपसलं होतं.

त्या आठवड्यात बाबांचा फोन आला होता. "एक चांगलं काहोकाहो पाठव. खावंसं वाटतंय." बापाला बेटाची आठवण येतेय म्हणून ती त्या गाड्यासमोर उभी राहून रडली होती. वर्तमानपत्रात गुंडाळून, इकडे येणाऱ्या एका बाईच्या हातून कंद पाठवला होता.

तिनं काठीवरचा वाळका वेल बघितला. मार्चमध्ये पहिली गार हवा सुटली तेव्हाच तो गेला असणार. बापानं उकरून बघितलं असेल. लावलेला कंदाचा डोळा कुजलेला असेल. मग त्यानं फोन केला. मग हा कंद पुरला. मग नातीचं ब्लँकेट आणलं. आयुष्यात ज्या माणसानं शेजाऱ्याच्या झाडाचा पडलेला नारळसुद्धा परत केला, त्या माणसानं.

ती बापाजवळ गेली. बाकीच्यांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू बोलली, म्हणजे सगळ्यांना ऐकू गेलं.

"बाबा, माझ्याकडे ऊब आहे."

"आहे गं," म्हातारा म्हणाला. "तुझं घर चांगलं आहे. तू चांगली आहेस."

"मग इथे काय आहे? दुखणं आहे. तो वारा आहे. पँट उभी राहते इथे."

"हो, बघितलीस ना?" म्हाताऱ्याचा आवाज एकदम वर चढला. "बघितलीस? गेल्या वर्षी पडली होती, यंदा उभी राहिली. म्हणजे पहाटे वारा नव्हता."

आत्यानं वळून पँटकडे बघितलं.

"बेटावर मला सगळं पाठ होतं," म्हातारा सावकाश म्हणाला. "सत्तर वर्षं. सकाळी दार उघडायच्या आधी माहीत असायचं बाहेर काय आहे. इथे पहिल्या वर्षी मला काहीच कळेना. मला वाटलं, म्हातारा झालो, संपलं. मग ते झाड उठलं. तेव्हापासून रोज सकाळी मी पडदा सरकवतो ना, तेव्हा मला माहीत नसतं. आणि मग दुपारपर्यंत कळतं." तो थांबला. "लोक मला विचारायला येतात, नाइते. या वयात."

तानिएला काकांनी काठी आपटली. "निकाल काय? माझी बोटं गेली."

"पंच तुम्ही आहात," आत्या म्हणाली.

"या घरात तुम्ही उभ्या असताना मी कसला पंच?"

सगळे तिच्याकडे बघत होते. म्हातारा सोडून. तो पुन्हा सात पानांकडे वळला होता, आणि त्याचे खांदे तिसऱ्या स्वेटरच्या आत अगदी बारीक झाले होते.

आत्यानं कंद वर धरला. "हे मुळं धरलेलं आहे का?"

काकांनी चष्मा लावला. कंदाचा वाक बघितला, मुळं बघितली, आणि मग म्हाताऱ्याच्या पाठीकडे जरा जास्तच वेळ बघितलं. "धरलेलं आहे."

"कुठल्या मातीत?"

"या."

"मग झालं," आत्या म्हणाली. "कोनफळ बाबांचं आहे. इथे रुजलेलं आहे. ज्याला काही म्हणायचं असेल, त्यानं आत्ता म्हणावं."

कुणाला काही म्हणायचं नव्हतं. तसं म्हणायची सोयही नव्हती. शेवटचा शब्द बोलून झाला होता.

म्हातारा वळला. त्यानं लेकीकडे बघितलं, मग तिच्या हातातल्या कंदाकडे, मग त्या वाकाकडे, जिथे तिचा अंगठा बरोबर नखाच्या खुणेवर टेकलेला होता. त्याचा चेहरा लहान मुलासारखा लाल झाला. थंडीनं, असं तो नंतर सांगत असे.

"नाइते," तो म्हणाला, "मी तुला..."

"मुळाकडचं टोक कापा," आत्या घाईनं म्हणाली. "ते इथेच राहील, वसंतात लावायला. बाकीचं माझं. आत्याचा मान आहे." मग ती पेसीकडे वळली. "ते ब्लँकेट धुऊन आजोबांच्या पलंगावर घाल. तीनवर ठेव, ते शिजत नाहीत. आणि ऑगस्टचा महिना मी इथे येऊन राहणार आहे. तुझ्या खोलीत."

"मग मी कुठे झोपू?"

"मोजे घाल."

कुंपणाशी फेलेती दगडांवर बसला होता आणि दोन्ही हातांनी तोंड पुसत होता. "पेसी," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "आत्याला सांग..."

"ऐकलं मी," आत्या म्हणाली.

त्यानं अजून काही सांगितलंच नव्हतं.

विका चहा टाकायला आत गेली आणि जाताना कसावाही घेऊन गेली, कारण तो अजून चांगला होता. तानिएला काकांची खुर्ची पायांसकट गवताला चिकटली होती, ती सोडवायला पेसी गेली. अंगणात बापलेक उरले. ऊन आता प्लमच्या बुंध्यापर्यंत आलं होतं आणि त्याच्या कडेनं गवत ओलं, हिरवं होत चाललं होतं. सावलीत अजून पांढरं होतं. म्हाताऱ्यानं चटईच्या घडीतून पेन्सिलीचा तुकडा काढला, वेळ बघितली आणि तळहातावर काहीतरी लिहून घेतलं.

आत्यानं कोटाची कॉलर वर केली. "बाबा," तिनं विचारलं, "उद्या पडेल का पांढरं?"

म्हाताऱ्यानं समुद्राकडे बघितलं, मग डोंगरांकडे, मग उभ्या पँटच्या पायाला बोट लावून बघितलं. मग दोन बोटं वर केली.

"दोन स्वेटर," तो म्हणाला. "साडेसहाला उठवतो तुला."